कार्बा एनपी टेस्ट : ट्यूब पिवळी दिसली की लगेच पॉझिटिव्ह लिहू नका

महिन्यातून दोनतीनदा तरी कुणाकडून तरी मोबाईलवर ट्यूबचा फोटो येतो आणि खाली "सर, हे पॉझिटिव्हच ना?" फोटोत एकच ट्यूब, पिवळसर. शेजारची (औषध न घातलेली) ट्यूब कुठंय विचारलं की "ती लालच होती बहुतेक". या 'बहुतेक'वर पुढे आयसीयूतल्या पेशंटचं औषध बदलतं, म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढतोय. ही टेस्ट अवघड नाही, चुका होतात त्या तयारीत आणि वाचायच्या क्रमात.

टेस्ट काय बघते ते दोन ओळीत. कार्बापेनेम गटातलं औषध, इथे इमिपेनेम, फोडणारं एंझाईम बॅक्टेरियात असेल तर औषधाची रिंग तुटते, आम्ल तयार होतं, पीएच खाली येतो आणि फिनॉल रेड लालाचं पिवळं होतं. बस एवढंच. म्हणजे तुम्ही एंझाईम बघत नाही आहात, तुम्ही पीएच बघताय, आणि पीएच दुसऱ्या शंभर कारणांनी पण पडतो. हे डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या सूचना आपोआप कळतात.

टप्पा १ : कुठल्या आयसोलेटवर (सॅम्पलमधून वेगळा वाढवलेला बॅक्टेरिया) करायची

सरसकट सगळ्यांवर करू नका, इमिपेनेम पावडर महाग आहे. एंटेरोबॅक्टेरेल्स म्हणजे क्लेबसिएला, ई. कोलाय, एंटेरोबॅक्टर वगैरे, आणि स्युडोमोनास एरुजिनोसा, यात कार्बापेनेम सेन्सिटिव्ह आलं नसेल तरच. एंटेरोबॅक्टेरेल्सला सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ब्रेकपॉइंटप्रमाणे मेरोपेनेमच्या डिस्कभोवतीचा वाढ नसलेला झोन २३ मिमी किंवा वर असेल तर सेन्सिटिव्ह आणि एर्टापेनेमचा २२ किंवा वर. त्याच्या खाली आलं की टेस्टला घ्या.

एर्टापेनेमची डिस्क लावत नसाल तर लावायला लागा. आपल्याकडे एनडीएम या कार्बापेनेम फोडणाऱ्या एंझाईमच्या बरोबरीने ऑक्सा-४८ सारखी एंझाईम्स भरपूर आहेत आणि ती मेरोपेनेमचा झोन कधीकधी थोडासाच कमी करतात, एर्टापेनेममध्ये मात्र पकडली जातात.

प्रोटियस, प्रोव्हिडेन्सिया, मॉर्गनेला यांच्यात इमिपेनेमचा एमआयसी (वाढ थांबवायला लागणारं कमीतकमी औषध) मुळातच जरा वर असतो, एंझाईम नसलं तरी. फक्त इमिपेनेम रेझिस्टंट आलं म्हणून धावू नका, मेरोपेनेम आणि एर्टापेनेम काय म्हणतात ते आधी बघा.

अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी ही टेस्ट भरवशाची नाही. त्याच्यातली ऑक्सा एंझाईम्स हळू काम करतात, ट्यूब लालच राहते आणि आपण निगेटिव्ह लिहून मोकळे होतो.

टप्पा २ : कल्चर, आणि इथेच पहिली मोठी चूक

ब्लड अगार किंवा म्युलर हिंटन अगारवरची रात्रभर वाढलेली ताजी, प्युअर ग्रोथ घ्या. मॅकॉन्कीवरची घेऊ नका. खरंच घेऊ नका. मॅकॉन्कीत लॅक्टोज असतं, क्लेबसिएला आणि ई. कोलाय ते खाऊन आम्ल करतात आणि कॉलनीबरोबर ते आम्ल (आणि मीडियाचा गुलाबी रंग) तुमच्या ट्यूबमध्ये येतं. एका ठिकाणी एका दिवसात नऊच्या नऊ आयसोलेट पॉझिटिव्ह आले म्हणून घबराट झाली होती, इन्फेक्शन कंट्रोलची मीटिंग बोलावायचं चाललं होतं, शेवटी कळलं की ब्लड अगार संपला होता म्हणून मॅकॉन्कीवरून उचललं होतं. ए ट्यूब (इमिपेनेम न घातलेल्या) सुद्धा नऊच्या नऊ पिवळ्या होत्या, फक्त त्या कुणी बघितल्या नव्हत्या.

अँटिबायोटिक घातलेल्या सिलेक्टिव्ह मीडियावरची ग्रोथही चालत नाही. तिथून सबकल्चर करा आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट लावा. एक दिवस जातो, जाऊ दे.

चेक : प्लेट मिक्स दिसतेय का? दोन तऱ्हेच्या कॉलनी असतील तर थांबा, आधी प्युअर करा. मिक्स ग्रोथवर आलेला रिझल्ट नेमका कुणाचा हे कुणीच सांगू शकत नाही.

टप्पा ३ : सोल्युशन ए

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लागणारे तीन स्टॉक आधी करून ठेवायचे :

- ०.५ टक्के फिनॉल रेड : १.२५ ग्रॅम पावडर २५० मिली पाण्यात. पावडर पूर्ण विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून दर वेळी वापरायच्या आधी बाटली चांगली हलवायची.
- १० मिलीमोलर झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट : १.४ ग्रॅम ५०० मिली पाण्यात. बाटलीवर 'हेप्टाहायड्रेट' लिहिलंय का बघा, मोनोहायड्रेट असेल तर हे वजन चुकतं.
- ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साईड, पीएच वर करायला.

मग १६.६ मिली पाण्यात २ मिली फिनॉल रेड, त्यात १८० मायक्रोलिटर झिंक सल्फेट, आणि सोडियम हायड्रॉक्साईडने पीएच ७.८ वर आणायचा, इकडेतिकडे ०.१ चालतं. झिंक विसरू नका, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी ही झिंकवर चालणारी एंझाईम्स आहेत आणि ते कमी पडलं तर नेमकी आपल्याकडची सगळ्यात कॉमन गोष्ट, एनडीएम, सुस्त दिसते.

पाणी लॅब ग्रेडचं घ्या. पिण्याच्या आरओचं नाही. आणि महिनाभर उघडबंद होत असलेल्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटरही नको, पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून आम्लाकडे जातं आणि या सोल्युशनमध्ये बफर असा जवळजवळ नाहीच, त्यामुळे सोडियम हायड्रॉक्साईडचा एक थेंब जास्त पडला तरी पीएच उडी मारतो. थेंब थेंब टाका, हलवा, आकडा थांबू द्या, मग पुढचा थेंब.

पीएच मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट केलेला हवा, ७ आणि १० च्या बफरने. लिटमस पट्टीने हे काम होत नाही, पीएच पेपरनेही नाही. पीएच मीटर नाही म्हणून "रंग बघून" लाल केलेलं सोल्युशन मी दोन ठिकाणी बघितलंय, एका ठिकाणी ते ८.५ च्या पुढे होतं, म्हणजे एंझाईमने कितीही आम्ल केलं तरी दोन तासात पिवळं होणं कठीणच.

तयार सोल्युशन छोट्या बाटल्यांमध्ये, उजेडापासून लांब, ४ ते ८ डिग्रीला. मी दोन आठवड्यांवर ठेवत नाही. रंग लाल किंवा लालसर नारिंगी असला पाहिजे, दुसरा कुठलाही दिसला की फेकून द्या, पुन्हा पीएच लावून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

टप्पा ४ : सोल्युशन बी

हे म्हणजे सोल्युशन ए मध्ये दर मिलीला ६ मिलिग्रॅम इमिपेनेम. हिशोब उलटा करायचा : आधी पावडर वजन करा, १० ते २० मिलिग्रॅमच्या मध्ये जे येईल ते, मग त्या आकड्याला ६ ने भागा, तेवढे मिली सोल्युशन ए घाला. १८ मिलिग्रॅम आलं तर ३ मिली, आणि ट्यूबला १०० मायक्रोलिटर लागतं म्हणजे ३० ट्यूब. १० मिलिग्रॅमच्या खाली वजन करू नका, काटा तिथे खोटं बोलतो.

इमिपेनेमची बाटली फ्रीजमधून काढून लगेच उघडायची नाही. रूम टेंपरेचरला येऊ द्या. कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुलैमध्ये थंड बाटली उघडली की आत दव धरतं, पावडर ओली होते आणि इमिपेनेम पाण्यात फार टिकत नाही, हळूहळू स्वतःच तुटत जातं. एंझाईमशिवाय. मग ट्यूब स्वतःहून पिवळी पडायला लागते आणि सगळं जग पॉझिटिव्ह.

आता नेहमीचा प्रश्न, वॉर्डातलं इमिपेनेम-सिलास्टॅटिनचं इंजेक्शन वापरलं तर? लोक वापरतात, स्वस्त पडतं. पण ५०० च्या व्हायलमध्ये ५०० मिलिग्रॅम इमिपेनेमबरोबर तेवढंच सिलास्टॅटिन असतं, म्हणून मिलीला ६ नाही तर साधारण १२ मिलिग्रॅम पावडर लागते, हे विसरून निम्मंच औषध घातलेले लोक आहेत. वर त्यात सोडियम बायकार्बोनेटही असतं आणि ते पीएच खाली येऊ देत नाही. वापरणारच असाल तर माहीत असलेल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्ट्रेनवर आधी पडताळून, लिहून ठेवून, मगच पेशंटच्या सॅम्पलला हात लावा. माझं मत विचाराल तर रेफरन्स पावडर घ्या, एक छोटी बाटली बरेच महिने जाते.

बी सोल्युशन ४ ते ८ डिग्रीला जास्तीत जास्त ३ दिवस. शक्यतो त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवा.

थांबा : बाटल्यांवर तारीख आणि ए / बी ठळक लिहिलंय ना? दोन्ही एकाच लाल रंगाची आहेत, अदलाबदल झाली तर डोळ्यांना काहीच कळत नाही.

टप्पा ५ : ट्यूब लावणं

प्रत्येक आयसोलेटला दोन मायक्रोसेंट्रिफ्यूज ट्यूब, ए आणि बी. पॉझिटिव्ह क्यूसीला (रिझल्ट आधीच माहीत असलेल्या कंट्रोल स्ट्रेनला) दोन, निगेटिव्ह क्यूसीला दोन, आणि काहीच बॅक्टेरिया न घातलेल्या रिएजंट कंट्रोलला दोन. म्हणजे एकच पेशंट असला तरी आठ ट्यूब. "एकासाठी एवढं कोण करतं" असं वाटलं तर दोनतीन आयसोलेट जमवून लावा, पण कंट्रोल गाळू नका.

१. सगळ्या ट्यूबमध्ये १०० मायक्रोलिटर प्रोटीन एक्स्ट्रॅक्शन रिएजंट, तोच बॅक्टेरियाच्या भिंती फोडून एंझाईम बाहेर काढणारा.

२. १ मायक्रोलिटरच्या लूपने भरून कॉलनी ए मध्ये घोळा, आणि दुसरा तसाच भरलेला लूप बी मध्ये. लूप 'भरलेला' म्हणजे गोलाच्या भोकात कॉलनी दिसली पाहिजे, नुसता टेकवून आणलेला नाही. इनोक्युलम कमी पडणं हे फॉल्स निगेटिव्हचं सगळ्यात मोठं कारण. उलट बाजूने ढीगभर घातलं तर ट्यूब इतकी गढूळ होते की रंग वाचता येत नाही. काडी, निडल, अंदाज, यातलं काही नको, कॅलिब्रेटेड डिस्पोजेबल लूप.

३. ५ सेकंद व्होर्टेक्स. गुठळी राहिली तर आणखी.

४. ए ट्यूबमध्ये १०० मायक्रोलिटर सोल्युशन ए, बी ट्यूबमध्ये १०० मायक्रोलिटर सोल्युशन बी. दर वेळी टिप बदला. आधी सगळ्या ए भरा, मग सगळ्या बी, म्हणजे पिपेटला लागलेलं इमिपेनेम ए मध्ये जाणार नाही.

५. पुन्हा व्होर्टेक्स, ३५ डिग्रीला (२ इकडेतिकडे) इन्क्युबेटरमध्ये, जास्तीत जास्त २ तास. टाइम लिहा. लिहाच, कारण चहाला गेलेला माणूस परत आल्यावर "तासभर झाला असेल" एवढंच सांगू शकतो.

चिकट, तार सुटणाऱ्या म्युकॉइड क्लेबसिएलाकडे वेगळं लक्ष द्या. त्या कॉलनी नीट फुटत नाहीत, एंझाईम आतच राहतं आणि ट्यूब लाल राहते. असा निगेटिव्ह मी कधीच अंतिम धरत नाही, दुसऱ्या पद्धतीने बघतो.

टप्पा ६ : वाचणं. क्रम हाच, दुसरा नाही

पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात किंवा पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ट्यूब ठेवा. पिवळ्या बल्बखाली नारिंगी काय आणि पिवळं काय, सगळं सारखंच.

पहिल्यांदा रिएजंट कंट्रोल. ए आणि बी दोन्ही लाल किंवा लालसर नारिंगी हव्यात. बी पिवळी पडली असेल तर इमिपेनेम स्वतःच तुटलंय, आजची सगळी बॅच रद्द, पेशंटच्या ट्यूबकडे बघूसुद्धा नका कारण बघितलं की मोह होतो.

मग क्यूसी. पॉझिटिव्ह स्ट्रेन पॉझिटिव्ह, निगेटिव्ह निगेटिव्ह.

मग पेशंटची ए ट्यूब. लाल किंवा लालसर नारिंगी असेल तरच पुढे. पिवळी असेल तर बॅक्टेरियाने किंवा मीडियाने औषधाशिवायच आम्ल आणलंय, टेस्ट इनव्हॅलिड.

आणि सगळ्यात शेवटी बी :

- लाल किंवा लालसर नारिंगी : निगेटिव्ह
- फिकट नारिंगी, गडद पिवळा किंवा पिवळा : पॉझिटिव्ह
- नुसता नारिंगी : इनव्हॅलिड, पुन्हा लावा

या नारिंगीवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. दोन जणांनी एकमेकांना न सांगता वाचावं आणि जमलं नाही तर पुन्हा लावावं. दुसऱ्यांदाही इनव्हॅलिड आलं तर मॉलिक्युलर टेस्ट (जीन बघणारी) किंवा खालची एमसीआयएम (मेरोपेनेम डिस्क वापरून करायची टेस्ट, टप्पा ८).

पॉझिटिव्ह दोन तासांच्या आधीही वाचता येतं, केपीसी (असंच आणखी एक एंझाईम) आणि एनडीएम पुष्कळदा काही मिनिटांतच पिवळे होतात. निगेटिव्ह मात्र पूर्ण २ तास झाल्याशिवाय लिहायचं नाही. आणि दोन तासांनंतर लंच करून येऊन पिवळं दिसलं तर ते धरायचं नाही, इमिपेनेम तोवर आपलं आपण तुटायला लागलेलं असतं.

टप्पा ७ : क्यूसी स्ट्रेन जपणं

नेहमीची जोडी क्लेबसिएला न्यूमोनिए एटीसीसी बीएए-१७०५, केपीसी पॉझिटिव्ह, आणि बीएए-१७०६, निगेटिव्ह. १७०५ ची एक खोड आहे, पुन्हा पुन्हा सबकल्चर केलं की एंझाईमचा जीन असलेला प्लाझ्मिड ती टाकून देते. मग एक दिवस पॉझिटिव्ह कंट्रोल लाल राहतो आणि सगळे रिएजंटला शिव्या घालतात. उणे ६० डिग्री किंवा त्याखाली स्टॉक ठेवा, दर महिन्याला नवीन काढा, एकाच प्लेटवरून वर्षभर ओढत बसू नका.

शिवाय आपल्याकडे एनडीएम जास्त, तर एक एनडीएम पॉझिटिव्ह स्ट्रेन, बीएए-२१४६ ठेवता आली तर ठेवाच. झिंक घालायचं राहिलं असेल तर केपीसी कंट्रोल ते सांगणार नाही, त्याला झिंक लागतच नाही.

टप्पा ८ : निगेटिव्ह आलं पण पटत नाही, तेव्हा एमसीआयएम

मेरोपेनेमचा झोन १२ मिमी आणि कार्बा एनपी निगेटिव्ह, असं झालं की दोन शक्यता, एक तर एंझाईम नाहीच आणि पोरिन (औषध आत जायची भिंतीतली छिद्रं) गेल्यामुळे रेझिस्टन्स आलाय, नाहीतर ऑक्सा-४८ सारखं हळू एंझाईम आहे जे ही टेस्ट चुकवते. आपल्या भागात दुसरी शक्यता गृहीत धरूनच चालायचं. एमसीआयएमला दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते, पण ऑक्सा-४८ ती बऱ्यापैकी पकडते आणि खर्च जवळजवळ नाही.

२ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये एंटेरोबॅक्टेरेल्सचा १ मायक्रोलिटर लूप, स्युडोमोनास असेल तर १० मायक्रोलिटरचा. व्होर्टेक्स, त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क पूर्ण बुडवा, ३५ डिग्रीला ४ तास, फार तर १५ मिनिटं मागेपुढे. ते होत आलं की ई. कोलाय एटीसीसी २५९२२ चं ०.५ मॅकफरलँड (ठरावीक गढूळपणाचं सस्पेन्शन) करून म्युलर हिंटनवर लॉन घाला, म्हणजे प्लेटभर सारखं पसरवा. डिस्क लूपने काढताना ट्यूबच्या कडेला दाबून जास्तीचं पाणी निथळवा (हे न केल्याने प्लेटवर ओघळ येतात आणि झोन वेडावाकडा होतो), प्लेटवर ठेवा, उलटी करून १८ ते २४ तास.

एंझाईमने डिस्कमधलं औषध फोडलं असेल तर झोन लहान येतो, म्हणून झोन ६ ते १५ मिमी, किंवा १६ ते १८ च्या झोनमध्ये बारीक कॉलनी, तर पॉझिटिव्ह. १९ किंवा जास्त आणि आत स्वच्छ, तर निगेटिव्ह. १६ ते १८ स्वच्छ, किंवा १९ च्या वर पण आत कॉलनी, तर इनडिटरमिनेट.

एंटेरोबॅक्टेरेल्समध्ये सोबत ईसीआयएम पण लावा, तशीच दुसरी ट्यूब, फक्त त्यात २० मायक्रोलिटर ०.५ मोलर ईडीटीए. ईडीटीए झिंक ओढून घेतं, म्हणून ईसीआयएमचा झोन एमसीआयएमपेक्षा ५ मिमी किंवा जास्त मोठा आला तर मेटॅलो (झिंकवर चालणारं एंझाईम), म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा एनडीएम. ४ किंवा कमी फरक असेल तर सेरीन (झिंक न लागणारं), केपीसी किंवा ऑक्सा-४८ सारखं. एमसीआयएम निगेटिव्ह असेल तर ईसीआयएम वाचायचंच नाही. आणि एकाच आयसोलेटमध्ये एनडीएम आणि ऑक्सा दोन्ही असतील, जे इथे अजिबात दुर्मिळ नाही, तर ईसीआयएम गंडू शकते, तिथे जीनची टेस्ट किंवा पाच एंझाईम वेगवेगळी दाखवणारी लॅटरल फ्लो पट्टी लागते.

टप्पा ९ : रिपोर्ट

'कार्बापेनेमेज पॉझिटिव्ह, कार्बा एनपी पद्धतीने' एवढंच लिहा. 'एनडीएम पॉझिटिव्ह' लिहू नका, या टेस्टने एंझाईम कुठलं ते कळत नाही आणि डॉक्टरला ते कळणं गरजेचं असतं : सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम केपीसी आणि ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही. निगेटिव्ह असेल तर खाली एक ओळ टाका की ऑक्सा-४८ सारखी एंझाईम्स या टेस्टमध्ये सुटू शकतात. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सेन्सिटिव्हिटीतला 'आर' (रेझिस्टंट) बदलून 'एस' (सेन्सिटिव्ह) करायचा नाही, हेही कुणीतरी केलेलं मी बघितलंय.

पॉझिटिव्ह आलं की रिपोर्ट छापून येईपर्यंत थांबू नका, वॉर्डला आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना फोन करा, कुणाला कितीला सांगितलं ते रजिस्टरमध्ये. ट्यूब, लूप, प्लेट सगळं आधी ऑटोक्लेव्ह, मग बायोमेडिकल वेस्टच्या पिशवीत. आणि ट्यूबचा फोटो काढायचाच असेल तर आठही ट्यूब एका ओळीत, लेबल दिसेल असा काढा.